नगरचा किल्ला आणि लंडनची सनद

१६०० सालच्या ऑगस्ट महिन्यात अहमदनगरचा भुईकोट किल्ला अकबराच्या फौजेच्या हाती पडला. त्यापूर्वी थोडेच दिवस चांदबिबीचा तिच्याच लोकांच्या हातून अंत झाला होता. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, एलिझाबेथ राणीने लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्मास आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिली घटना दक्षिणेतील शाह्यांच्या प्रकरणात येते, दुसरी युरोपीयांच्या आगमनाच्या प्रकरणात. त्यांचे परस्परांशी काही नाते असेल, अशी शंका विद्यार्थ्याला येत नाही. आणि अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईत असलेल्या शिक्षकालाही तिकडे वळण्यास सवड नसते.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे खरे. परंतु अहमदनगरची निजामशाही आणि एलिझाबेथचे इंग्लंड ही दोन राज्ये एकाच काळात एकाच राजसत्तेशी झगडत होती. ती सत्ता म्हणजे स्पेनचा राजा फिलिप दुसरा. एका राज्याच्या वाट्याला त्या झगड्यातून पराभव आला. दुसऱ्याच्या वाट्याला एक व्यापारी संस्था आली, जिने पुढे दोन शतकांनी अहमदनगरचा तोच किल्ला जिंकून घेतला. शौर्य दोन्हीकडे होते. मग फरक कोठे पडला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चौलच्या बंदरातील फिलिप

स्पेन आणि पोर्तुगाल यांनी १४९४ साली तोर्देसियासचा तह करून युरोपाबाहेरील जग आपसांत वाटून घेतले. योगायोग असा, की अहमद निजामशहाने आपल्या नव्या राजधानीची पायाभरणी केली तीही १४९४ सालीच. या वाटणीत पूर्वेकडचा समुद्र पोर्तुगालच्या पदरी पडला. निजामशाहीचे मुख्य बंदर चौल. अरबी घोडे तेथे उतरत, कापड तेथून बाहेर जाई, आणि घाट चढून आलेला माल जुन्नर व अहमदनगरच्या बाजारांत पोहोचे. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला किल्ला बांधू दिला. त्यानंतर एकाच ठिकाणी दोन गावे नांदू लागली: आतल्या बाजूला निजामशाहीचे चौल, आणि समुद्राकाठी, आजच्या रेवदंड्याला, पोर्तुगीजांचे चौल.

समुद्रावर हिंडणाऱ्या जहाजाने पोर्तुगीजांकडून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतलाच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. परवाना नसेल तर जहाज जप्त. म्हणजे ज्या बंदरावर निजामशहाचे राज्य, त्याच बंदरातून त्याच्या प्रजेने कोठे जावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र परक्याचा! ही अवस्था मोडून काढण्यासाठी मुर्तझा निजामशहाने १५७० साली विजापूरच्या अली आदिलशहाशी संगनमत केले. आदिलशहाने गोव्यास वेढा घातला, निजामशहाने चौलला. कित्येक महिने तोफा चालल्या. परंतु समुद्राची बाजू मोकळी होती. गोव्याहून कुमक आणि दाणागोटा येत राहिला. वेढा घालणाऱ्या सरदारांपैकी काहींनी पोर्तुगीजांकडून नजराणे आणि मद्य घेऊन आतल्या लोकांना सवलत दिली, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. १५७१ साली वेढा उठला आणि तह झाला.

१५८० साली पोर्तुगालचे सिंहासन रिकामे पडले, तेव्हा स्पेनच्या फिलिपने लष्कर घुसवून ते बळकावले. गोव्याचा कारभार पोर्तुगीज अधिकारीच पाहत राहिले, पण त्यांचा धनी आता माद्रिदला बसत होता. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने चौलच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर तोफा चढवून पुन्हा प्रयत्न केला. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी कोर्लई जिंकली. सहा वर्षांपूर्वी ज्या राजाचे आर्माडा नावाचे अवाढव्य आरमार इंग्लंडच्या खाडीत विस्कटले गेले, त्याच राजाच्या निशाणापुढे निजामशाहीची फौज कोर्लईच्या टेकडीवर हरली. ही गोष्ट अहमदनगरच्या दरबारात कोणास जाणवली असेल असे वाटत नाही.

दुर्बळाचे परराष्ट्र धोरण

इंग्लंडविषयी आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. पुढे साम्राज्य झालेले राष्ट्र प्रारंभापासूनच बलाढ्य आणि दूरदर्शी असणार, असे गृहीत धरले जाते. एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली तेव्हा इंग्लंड हे युरोपच्या कडेचे, कर्जबाजारी राज्य होते. अमेरिकेतील चांदीवर पोसलेल्या स्पेनशी उघड युद्ध तिला परवडणारे नव्हते. आणि स्पेनची सर्वत्र मक्तेदारी मान्य करणेही परवडणारे नव्हते. तिने जे धोरण चालविले ते तत्त्वनिष्ठ नव्हते. ते काटकसरीचे होते. राजदूतांशी मैत्रीची भाषा बोलावयाची, आणि समुद्रावर खासगी जहाजांना स्पॅनिश माल लुटू द्यावयाचा. लूट मिळाली तर तीत वाटा घ्यावयाचा; प्रकरण अंगाशी आले तर कानावर हात ठेवावयाचे.

फ्रान्सिस ड्रेक १५७७ मध्ये निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून १५८० मध्ये परतला तो स्पॅनिश चांदी भरूनच. स्पेनच्या वकिलाने तक्रार केली, तेव्हा राणीने समुद्र आणि हवा यांवर कोणा एकाची मालकी असू शकत नाही, असा पवित्रा घेतल्याचे तिचा चरित्रकार कॅम्डेन सांगतो. विख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० साली असा हिशेब मांडला, की ड्रेकच्या लुटीतून राणीने परदेशी कर्ज फेडले, उरलेल्यांपैकी सुमारे ४२,००० पौंड लेव्हंट कंपनीत गुंतविले, आणि या कंपनीच्या नफ्यातून ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. या मांडणीत सुलभीकरण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यातील मर्म खोटे नाही. लुटीचा पैसा चैनीत किंवा फौजेत संपला नाही. त्यातील काही भाग भांडवल झाला.

१५९२ साली अझोर्स बेटांजवळ ‘माद्रे दे देउस’ हे भारतातून परतणारे पोर्तुगीज जहाज इंग्रजांनी पकडले. मिरी, लवंगा, दालचिनी, सुती कापड, रत्ने यांनी ते भरलेले होते. खलाशांनी आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी बरेचसे लांबविल्यावरही सुमारे १,४०,००० पौंडांचा माल उरला. त्या काळी राणीचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख पौंड होते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका जहाजाचे मोल कळते. पूर्वेच्या व्यापारात काय आहे, हे लंडनच्या व्यापाऱ्यांना कोणत्याही ग्रंथापेक्षा या जहाजाने अधिक स्पष्ट सांगितले.

गोव्याच्या तुरुंगातील इंग्रज

या स्पर्धेची झळ आपल्या किनाऱ्यावर सनदेच्याही आधी पोहोचली होती. १५८३ साली जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती अकबराच्या नावे राणीचे पत्र घेऊन लंडनहून निघाले. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि गोव्याला नेऊन तुरुंगात टाकले. त्यांच्यावर घेतलेला एक आक्षेप असा होता, की ड्रेकने मोलुक्का बेटांत पोर्तुगालच्या जहाजावर तोफा डागल्या होत्या. ड्रेकच्या तोफांचा जाब गोव्यात कापडाच्या व्यापाऱ्यांना द्यावा लागला! वाटेत फिचने चौल पाहिले. तेथे पोर्तुगीजांचे आणि मुसलमानांचे अशी दोन शहरे असल्याचे त्याने नोंदविले. निजाम-उल-मुल्क या पदवीचा अपभ्रंश करून युरोपीय लोक अहमदनगरच्या सुलतानाला ‘झामालुको’ म्हणत. तेच नाव फिचच्या वृत्तांतात आढळते.

या कैद्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री होता. हा स्वतः इंग्रजच. परंतु प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिकांना थारा नसल्याने त्याने देश सोडला आणि १५७९ साली गोवा गाठला. पुढे मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारा तो हाच. धर्माने स्पेनच्या बाजूचा आणि जन्माने इंग्लंडचा असा हा माणूस गोव्यात संकटात सापडलेल्या देशबांधवांच्या उपयोगी पडला. राष्ट्रांच्या वैराची रेषा माणसांच्या अंतःकरणातून नेहमीच सरळ जात नाही. सुटलेले इंग्रज १५८४ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निसटले आणि विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर या मार्गाने उत्तरेस गेले. फिच १५९१ साली लंडनला परतला. त्याने आणलेली माहिती व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडली.

तह फिसकटला, सनद मिळाली

सप्टेंबर १५९९ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पूर्वेच्या सफरीसाठी ३०,१३३ पौंडांची वर्गणी जमविली आणि राणीकडे परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही. त्या वेळी स्पेनशी तहाची बोलणी चालू होती, आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांपायी ती बिघडू नयेत अशी राणीच्या मंत्रिमंडळाची इच्छा होती. व्यापाऱ्यांनी मग एक निवेदन तयार केले. पूर्वेत स्पेन-पोर्तुगालची ठाणी नेमकी कोठे आहेत आणि कोणते प्रदेश त्यांच्या ताब्याबाहेर आहेत, याची यादीच त्यात दिली होती. पहिल्या बैठकीच्या मानपानाच्या वादात अडकलेली बुलोन येथील बोलणी १६०० च्या उन्हाळ्यात फिसकटली. सप्टेंबरात व्यापारी पुन्हा जमले, आणि वर्ष संपण्यापूर्वी सनद त्यांच्या हाती आली.

म्हणजे लंडनमध्ये व्यापारी सनदेची वाट पाहत होते, तेव्हाच अहमदनगरच्या तटाखाली मोगलांचे सुरुंग खणले जात होते. कंपनीचा जन्म कोणा द्रष्ट्याच्या योजनेतून झाला नाही. फसलेल्या तहातून झाला. मात्र तो तह फसला तेव्हा पैसा जमलेला होता, माहिती गोळा झालेली होती, आणि राज्यकर्त्यांपुढे आपले म्हणणे मांडू शकणारा वर्ग तयार होता. संधी सर्वांनाच येते. तिच्यासाठी तयारी असलेल्यास तिचा उपयोग होतो.

पुढचा प्रवासही याच मार्गाने झाला. १६०४ साली जेम्स राजाने स्पेनशी तह केला. इंग्रजांनी पूर्वेत आणि पश्चिमेत जाऊ नये ही स्पेनची मागणी इंग्लंडने मान्य केली नाही. तसा उघड हक्कही लिहून घेतला नाही. तो प्रश्न संदिग्ध ठेवण्यातच दोघांनी शहाणपण मानले. युरोपात तह आणि हिंदी महासागरात लढाई, असा दुहेरी व्यवहार त्यामुळे शक्य झाला. १६१२ च्या अखेरीस आणि पुन्हा १६१५ च्या आरंभी सुरतेजवळच्या सुवाळी येथे इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना मागे सारले. १६२२ साली इराणच्या शहाच्या साह्याने होर्मुझ घेतले. स्पेनशी मैत्री असताना हे कसे, असा प्रश्न लंडनमध्ये आला. जेम्स राजाने आणि त्याच्या मर्जीतील बकिंगहॅमच्या सरदाराने त्याचे उत्तर कंपनीकडून प्रत्येकी १०,००० पौंड घेऊन दिले. परराष्ट्र धोरणाचा भाव इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच नोंदला गेला असेल.

अहमदनगरला काय कमी पडले?

याच काळात अहमदनगर मृत्यूच्या दारातून परतले होते. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली आणि १६१० मध्ये किल्लाही परत मिळविला. जहांगीरच्या दरबारी निघालेला इंग्रज वकील टॉमस रो १६१५ साली बऱ्हाणपुरास थांबला, तेव्हा तेथे शाहजादा पर्वेझची छावणी होती, आणि तिचा रोख मलिक अंबरवरच होता. १६२४ साली अहमदनगरजवळच्या भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्याने बसविलेला जमीनमहसूल पुढच्या राज्यांनाही आदर्शवत वाटला. तेव्हा दख्खनच्या राज्यकर्त्यांना संस्था उभारता येत नव्हत्या, हे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण त्या संस्था जमिनीवरच्या होत्या. राज्याचे उत्पन्न शेतसाऱ्यावर उभे होते. बंदराची जकात ही वरकड कमाई होती. ज्यांचे पोट समुद्रावर होते ते चौलचे व्यापारी दरबारातील निर्णयांत भागीदार नव्हते. पोर्तुगीजांशी लढावे की त्यांचा परवाना घ्यावा, हा त्यांच्यापुरता व्यवहाराचा प्रश्न होता, आणि परवाना युद्धापेक्षा स्वस्त पडे. लंडनमध्ये मक्तेदारी मोडण्यात ज्यांचे हित होते त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. अहमदनगरला वेढ्याचा सारा खर्च सुलतानाच्या खजिन्यावर पडला. खजिना थकला की वेढा उठे. भागभांडवलाची सफर एकदा बुडाली तरी पुढल्या वर्षी दुसरी निघू शके.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. उत्तरेकडून मोगलांचे संकट उभे असताना दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या तंट्यात राज्य पोखरले गेले. १५९५ साली या तंट्यात एका पक्षाने मोगलांनाच मदतीस बोलावले, आणि ती मदत वेढा होऊन दाराशी आली. मतभेद इंग्लंडमध्येही होते. स्पेनशी तह करावा म्हणणारे आणि युद्ध चालवावे म्हणणारे असे दोन पक्ष राणीच्या मंत्रिमंडळात हमरीतुमरीवर येत. परंतु तो वाद बहुतांशी मंत्रिमंडळात मिटवला जाई. समुद्राने वेढलेल्या बेटाला हे जितके सोपे, तितके चहूबाजूंनी शत्रू असलेल्या अहमदनगरला नव्हते, ही भूगोलाची सवलतही विसरता कामा नये.

मुक्त समुद्राचा शेवट

स्पेनशी असलेल्या स्पर्धेनेच अखेर इंग्रजांना मुंबई मिळवून दिली. १६४० साली पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला आणि आपले स्वातंत्र्य टिकविण्यासाठी मित्र शोधू लागला. १६६१ च्या विवाहतहाने दुसऱ्या चार्ल्सला कॅथरिन राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध पोर्तुगालला सैन्य द्यावयाचे होते. १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीस दिली.

यानंतर सूर बदलला. समुद्र सर्वांचा असे म्हणणाऱ्या राष्ट्राची कंपनी मुंबईहून स्वतःच परवाने देऊ लागली. सनदेबाहेर व्यापार करणाऱ्या इंग्रजालाही ती घुसखोर ठरवीत असे. चौलपासून जवळच कुलाब्याला ठाण मांडलेल्या कान्होजी आंग्र्यांनी या किनाऱ्यावर आपले दस्तक घेतले पाहिजे असे बजावले, तेव्हा कंपनीने त्यांना चाचा ठरविले. स्पेनच्या लेखी ड्रेक जो होता, तेच इंग्रजांच्या लेखी आंग्रे झाले! १७२१ साली कुलाब्यावर जो हल्ला झाला त्यात इंग्रज आणि पोर्तुगीज हे जुने वैरी एकत्र होते. तो हल्ला फसला. १७५६ मध्ये मात्र विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. अहमदनगरच्या सरदारांनी केलेली चूक दीडशे वर्षांनी अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. १२ ऑगस्ट १८०३ रोजी शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा किल्ला आर्थर वेलस्लीने कंपनीसाठी घेतला.

या इतिहासातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. बलिष्ठांची मक्तेदारी अमान्य करणाऱ्याची तत्त्वे ऐकावीत, पण ती तो बलिष्ठ झाल्यावर पाळतो का हेही पाहावे. व्यापाराच्या स्वातंत्र्याची भाषा ज्याचा माल खपावयाचा आहे तो नेहमीच बोलतो. माल खपू लागला की तोच दारे लावून घेतो. आजच्या जगातील करारमदार आणि जकातींचे वाद वाचणाऱ्यालाही हे नवे वाटणार नाही. दुसरी गोष्ट अशी, की परराष्ट्र धोरण दरबारात लिहिले जात असले तरी ते टिकते घरातल्या व्यवस्थेवर. ज्यांच्या हिताचा प्रश्न आहे त्यांना निर्णयात वाटा, शिल्लक टाकलेला पैसा, आणि आपापसांतला वाद परक्याकडे न नेण्याचा संयम, या तीन गोष्टी नसतील तर शौर्य एकाकी पडते. चांदबिबीचे तेच झाले.

अहमदनगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. १९४२ साली याच किल्ल्यात इंग्रजांनी जवाहरलाल नेहरूंसह काँग्रेसच्या नेत्यांना डांबले होते, हे येथील विद्यार्थ्यांना ठाऊक असते. किल्ल्याच्या सहलीला गेल्यावर शिक्षकांनी १९४२ बरोबर १८०३ आणि १६०० ही सालेही सांगावीत, आणि बाजूला चौल, गोवा आणि लंडन दाखविणारा एक नकाशा ठेवावा. खंदकाच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला तेव्हा कळेल, की समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या त्याच्या गावाचे भवितव्य कितीदा समुद्रावरच ठरले होते.